वापसा येईपर्यंत

आमची ही गेली त्या उन्हाळ्यात ओढ्याला थेंबभर पाणी नव्हतं. दहावं ओढ्यातच केलं, पण पाणी टँकरचं. पिंडाला कावळा शिवेना. जमलेली माणसं एकेक करून बोलायला लागली. कुणी म्हणालं, लेकीकडं लक्ष ठेवू. कुणी म्हणालं, तिची शेरडं विकणार नाही. कावळा बाभळीवरनं हलेना. मग माझी थोरली वहिनी पुढं झाली आणि म्हणाली, "बाई, ट्रिप हुणार. मी नेती सगळ्यांस्नी." कावळा आला.

मी कावळ्यावर फारसा भरवसा ठेवत नाही. त्याला तेवढ्यात भूक लागली असेल. पण शब्द गेला तो गेला.

ट्रिपचं खूळ हिचंच. आमच्या जतच्या कोपऱ्यात कृष्णेचं पाणी कालव्यानं आत्ता आत्ता यायला लागलं, तेही कधी येतं, कधी नाही. पहिल्यांदा आलं तेव्हा वस्तीवरच्या बायका हळदीकुंकू घेऊन कालव्यावर गेल्या. सगळ्या पाया पडून परत आल्या. ही मात्र तिथंच बसली. मी म्हटलं, "चल की." तर म्हणाली, "ही निघती कुठनं, ते मला बघायचंय. इचारायचंय तिला, यायला येवढी वर्सं का लागली म्हणून." तेव्हापासून तिनं बायका गोळा करायला सुरुवात केली. वस्तीवरच्या बायकांनी देवाच्या जत्रंशिवाय आणि लग्नाशिवाय गाव सोडलेलं नव्हतं. हिनं सगळं ठरवलं. दसरा झाला की महाबळेश्वरला जायचं, ज्वारी पेरायच्या आधी. गाडीत स्वतःची जागासुद्धा ठरवून ठेवली. डायवरच्या मागची, खिडकीची.

ती गेल्यावर त्या जागेचं काय करायचं, यावर बायकांची बैठक झाली. मग वहिनी माझ्याकडं आली.

"भावजी, तुमी येताय."

"बायकांच्या गाडीत मी काय करू? फुगड्या घालू?"

"काय बी करू नका. बसा नुसतं. तिची शीट मोकळी न्यायची न्हाई आमाला. उगं डोळ्याफुडं यील."

मी नको म्हणालो. म्हाताऱ्या माणसाला घरात एकटं बसायची सवय लागली की ती सुटत नाही. चूल पेटवायची, भाकरी करपवायची, कुणी विचारलं तर बरं आहे म्हणायचं. पण वहिनी माझ्यापेक्षा मोठी आणि तिच्या जिभेला हाड नाही. ती म्हणाली, "तिच्या जागी दुसरं कोण बसवू? तुमीच सांगा नाव." मी येतो म्हटलं.

आता पावसाचं सांगतो.

आमच्याकडं पावसाला कधी थांब म्हणत नाहीत. कुणाचं लग्न असो, मांडव उडून जाऊ दे, भिंत पडू दे, तोंडातनं तो शब्द काढायचा नाही. जो म्हणेल त्याच्या रानावरनं पाऊस पुढं जातो अशी समजूत आहे, आणि समजूत नसती तरी आम्ही म्हटलं नसतं. ज्या माणसानं आभाळाकडं बघत जन्म काढला, तो त्याला जा कसा म्हणेल? आमची ज्वारी त्याच परतीच्या पावसावर पेरतात. तो आला नाही तर वर्षभर गुरांच्या तोंडालाही काही नाही.

दसरा झाला. गाडी ठरली. पाऊस मात्र आला नाही. बायकांचे चेहरे दोन्हीकडनं पडलेले. पाऊस आला तर पेरणी येणार, ट्रिप राहणार. नाही आला तर ट्रिप होईल, पण खायचं काय? दोन्हींपैकी काय मागावं हे कुणाला कळत नव्हतं, म्हणून कुणी काहीच मागत नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी सगळ्या माझ्या पडवीत जमल्या होत्या. शेंगदाण्याची चटणी कोण घेणार, धपाटी कोण करणार यावर भांडण चाललेलं. तेवढ्यात सांगलीवरनं लेकीचा फोन आला.

"आबा, टीव्हीवर दावत्यात, समुद्रात वादळ झालंय. सातारच्या घाटात लय पाऊस हाय. हितं नदीचं पाणी वाढलंय, घाटाच्या पायऱ्या बुडाल्या. जाऊ नका तुमी."

"हितं तर ऊन हाय."

"हितं बी सकाळी ऊनच हुतं की!"

मी फोन खाली ठेवतो न ठेवतो तोच वारं सुटलं. असं वारं मी मेंढरं घेऊन उघड्या माळावरसुद्धा बघितलं नव्हतं. दुपार होती, पण समोरचा माणूस दिसेना इतकं अंधारून आलं. पुतण्याच्या गोठ्याचे पत्रे उडाले आणि थेट लिंबाच्या झाडावर जाऊन बसले. विजेचा खांब कलंडला. मग पाऊस. सरळ नाही, आडवा. पडवीतल्या बायका भिंतीला चिकटल्या.

पुतण्याची बायको कोरेगावची. लग्न होऊन फार काळ झाला नव्हता. बागायतीत वाढलेली पोर, दारात पाटाचं पाणी बघत मोठी झालेली. ती एकदम बोलून गेली, "आता थांबू दे की गं बाई ह्यो पाऊस! उद्याची ट्रिप हाय!"

सगळ्या बायका पाऊस सोडून तिच्याकडं बघायला लागल्या.

"काय म्हनलीस?" वहिनी म्हणाली. "काय म्हनलीस गं?"

"आवं, मी आपलं..."

"जा. तोंड धुवून ये."

"पावसात?"

"पावसातच. त्याच्याच पाण्यानं धू, आन् त्याला सांग, चुकलं म्हणून."

आणि खरंच त्या पोरीला अंगणात उभं केलं. ती तोंड वर करून भिजत उभी, वर वीज कडाडते आहे, आणि ती ओरडते आहे, "चुकलं रे बाबा! पड तू! लागंल तेवढा पड!" मी शिवी हासडून तिला आत ओढली. वीज कुणाची चूक-बरोबर बघत नाही. आत आल्यावर सगळ्या हसायला लागल्या. तीही. हसता हसता कुणीतरी रडलं. मला वाटलं वहिनी असावी, पण ती तोंड फिरवून उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढा दोन्ही काठ धरून चालला होता. ज्या ओढ्यात टँकरच्या पाण्यानं हिचं दहावं केलं, तो. तांबडं पाणी, मधनं कुणाची तरी कडब्याची गंजी तरंगत निघालेली. वस्तीकडं यायचा फरशीपूल पाण्याखाली. वस्तीवरचे बापय गडी काठावर उभे राहून खूश होते, आणि खूश असताना माणूस बायकांना काय बोलतो ते ठरलेलं आहे.

"झाली तुमची ट्रिप!" पुतण्या म्हणाला. "आता कुरी काढा, बी निवडा."

कुरी म्हणजे आमची पेरायची पाभर. बायका एकेक करून घराकडं वळल्या. वहिनीनं पदर खोचला आणि शेणाची पाटी उचलली. हिला मी शेवटचं धड बघितलं तेव्हा तिच्याही डोक्यावर तीच पाटी होती.

मी रान बघायला गेलो. पुतण्याच्या काळ्या रानात पाय टाकला तर गुडघ्यापर्यंत आत. चप्पल चिखलात राहिली, पाय तेवढा वर आला. वाकून चप्पल शोधताना डोक्यात उजेड पडला. हे रान वापशावर यायला, म्हणजे चिखल आटून पेरण्याजोगी ओल राहायला, आठवडा जाणार. तोवर त्यात बैल जाणार नाही, ट्रॅक्टर जाणार नाही, माणूसही जाणार नाही. दरवर्षी या दिवसांत आम्ही काय करतो? बांधावर बसून तंबाखू खातो आणि चिखलाकडं बघतो. ट्रिप पावसानं मोडली असं सगळे म्हणत होते. अरे, मोडली कुठं? पावसानं तर रजा दिली होती.

तसाच एका पायात चप्पल घालून वस्तीवर आलो आणि मधोमध उभा राहून ओरडलो, "कुणाला काय काम हाय आज? सांगा मला!"

दारादारांतनं तोंडं बाहेर आली.

"रानात पाय ठरत न्हाई. आठ दिस घरात बसून काय करणार हाय तुमी? भिंती मोजणार?"

पुतण्या म्हणाला, "आबा, शेरडांची धार कोण काढणार?"

वहिनी शेणाची पाटी टाकून पुढं आली. "तुला हात न्हाईत? लहानपणी माझ्या शेरडांची चोरून पीत हुतास, तवा कोण काढत हुतं?"

बायका हसल्या, आणि त्या हसण्यावरच ट्रिप ठरली. डायवरला फोन लावला. तो म्हणाला, "ओढा वलांडू नका, मी डांबरीवर थांबतो. घाटाचं तिथं गेल्यावर बघू. बंद असला तर माघारी."

ओढ्यात उतरायचा प्रश्नच नव्हता. चढलेल्या पाण्यात मी कधी मेंढरू घातलं नाही, बायका कशाला घालीन? म्हटलं, माळावरनं नेतो. मेंढरांची जुनी वाट आहे, कुठंच ओढा आडवा येत नाही. हातात काठी घेतली आणि पुढं निघालो. मागं बायका, नव्या साड्या गुडघ्यापर्यंत वर खोचलेल्या, चपला हातात, पिशव्या खांद्यावर. आणि जवळपास प्रत्येकीच्या डोक्यावर पाण्याचा कॅन.

"पाणी कशाला घेतलंय?"

"मग पिणार काय?"

"आगं, आपुन नदीच्या मुळाशी चाललोय!"

"आसंल. तिथलं त्यांच्यापाशी. पाणी घरचं असलं म्हंजे काळजी न्हाई."

टँकरच्या मुलखातल्या बाईला घराबाहेर पडताना पाणी सोडून जा म्हणणं म्हणजे पोर सोडून जा म्हणणं. मी काठी टेकत पुढं झालो.

मेंढरांची वाट मी डोळे झाकून चाललो असतो. चाललोही तसाच, आणि थेट तारेच्या कुंपणात जाऊन अडकलो. पुढं डाळिंबाची बाग. मी मेंढरं सोडून बरीच वर्षं झाली होती आणि मधल्या काळात माझ्या वाटेला कुणीतरी डाळिंबं लावली होती.

"भावजी," मागनं वहिनी, "मेंढरं तार वलांडत हुती व्हय?"

बागेतनं एक बाई कोयता घेऊन आली. सीमेकडची, कानडी बोलणारी. "यार्री?" म्हणजे कोण ते, म्हणून ओरडली. मी कानडी मेंढरांच्या बाजारापुरतं बोलतो. त्या मोडक्या कानडीत सांगितलं की या बायका ट्रिपला चालल्यात आणि ओढा भरलाय. तिनं डोक्यावरच्या कॅनकडं बघितलं, नव्या साड्यांकडं बघितलं, चिखलानं भरलेल्या पायांकडं बघितलं. कोयता खाली केला. "बर्री, बर्री", या या म्हणत फाटक उघडलं. बागेतनं जाताना तिनं प्रत्येकीच्या पिशवीत डाळिंब घातलं आणि डांबरी येईपर्यंत आमच्याबरोबर चालत आली. गाडी हलली तेव्हा ती हात करत उभी होती. कुणी एकदा चल म्हटलं असतं तर ती आलीच असती.

मी खिडकीच्या शीटवर बसलो. वहिनी शेजारी. ती बाहेरची रानं बघत बोटं मोजत होती.

"काय झालं?"

"भावजी, काळ्या रानाला आठवडा लागंल. तुमचं माळाचं रान हलकं. ते परवाच वापशाला यील."

"यिऊ दे."

"आन् आपुन परत येस्तवर सुकलं तर?"

"तर सुकलं."

"पेरणी जाईल की वो! ती असती तर शिव्या घातल्या असत्या तुमाला."

"ती असती तर मी कशाला आलो असतो तुमच्यात? ती आली असती, मी मागं पेरलं असतं."

वहिनीनं डाळिंब फोडलं आणि अर्धं माझ्या हातात दिलं.

कोरेगावात सुनेच्या माहेरी थांबलो. तिच्या आईनं घेवड्याची आमटी आणि भाकरी वाढली. दारातनं पाट वाहत होता, आणि नळही चालू, त्याखाली रिकामी बादली भरून सांडत होती. आमच्या बायकांचं जेवणात लक्ष लागेना. शेवटी एक उठली, नळ बंद केला आणि मगच जेवली. सून लाजली. पण गाडीत बसल्यावर मला म्हणाली, "आबा, मी बी आता माहेरला आली की नळ बंद करत फिरती. आई म्हणती, लय जतची झालीस."

वाईच्या पुढं घाटाच्या पायथ्याला गाड्या अडवल्या होत्या. वर दगडं आणि माती रस्त्यावर आलेली, मशीननं काढायचं काम चालू. पाऊस भुरभुरत होता, ढग खाली डोक्यापर्यंत उतरलेले. पुढच्या गाड्या वळून परत निघाल्या. शहरातली माणसं, त्यांना पुन्हा येता येतं. डायवर म्हणाला, "आबा, काय करायचं? दिवस जाईल इथंच."

मी मागं बघितलं. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या, आणि मला माहीत होतं त्यांच्या ओठांवर काय आलंय. थांबू दे, एवढंच. पण आदल्या दिवशीचं तोंड धुणं आठवत होतं.

"थांबायचं," मी म्हटलं. "पाऊस न्हाई, आपुन थांबायचं. रस्ता मोकळा झाल्याबिगर म्होरं जायचं न्हाई, आन् मोकळा झाला तर माघारी बी फिरायचं न्हाई."

मग काय, बायका उतरल्या. हॉटेलाच्या पत्र्याखाली बसल्या, धपाटी काढली. अडकलेल्या गाड्यांतल्या पोरांना बोलावून बोलावून खायला घातलं. कुणीतरी फुगडी धरली. वहिनीचे गुडघे दुखतात म्हणून ती उठत नव्हती, तिला दोघींनी उठवली. मी बघत बसलो होतो. ही असती तर पहिली फुगडी तिची असती. ते मनात आलं, पण नेहमीसारखं रुतलं नाही. दिवस कलायच्या आत हवालदारानं हात केला आणि रस्ता सुटला.

घाटात जिकडं बघावं तिकडं पाणी. कड्यावरनं पडतंय, भिंतीतनं निघतंय, रस्त्यावरनं पळतंय. पहिल्यांदा बायका ओरडल्या. मग मागनं एकजण अगदी रागानं म्हणाली, "येवढं पाणी, आन् कोण धरत न्हाई?" कोरेगावची सून म्हणाली, "बादल्या आणाय पायजे हुत्या." डायवर हसून हसून गाडी हळू चालवायला लागला. बरंच झालं.

रात्र तिथल्या धर्मशाळेत काढली. सकाळी जुन्या महाबळेश्वरला दगडी देवळात गेलो, बायकांच्या डोक्यावर कॅन तसेच. आत गारवा, अंधूक उजेड, आणि दगडी गाईच्या तोंडातनं पाण्याची धार. मनगटाएवढी असेल. सांगलीच्या पायऱ्या बुडवणारी, आमच्या कालव्यात चुकूनमाकून येणारी, ती हीच.

"येवढीशीच?" कुणीतरी म्हणालं.

वहिनी गाईसमोर उभी राहिली. हात जोडले नाहीत, कमरेवर ठेवले. "माझ्या जावंचा निरोप हाय," म्हणाली. "यायला येवढी वर्सं का लागली तुला?"

पाणी पडत राहिलं. वहिनीनं थोडा वेळ वाट बघितली. मग डोक्यावरनं कॅन उतरवला. जतवरनं आणलेलं, चिखलातनं, डाळिंबातनं, घाटातनं आणलेलं पाणी, जे कुणाला प्यायला लागलंच नव्हतं. झाकण काढलं आणि कुंडात ओतायला लागली.

तिथले पुजारी धावत आले. "अहो आजी, काय ओतताय?"

"पाणी."

"पाण्यात पाणी?"

"जतचं हाय," वहिनी म्हणाली. "असू दे. आमचं बी थोडं घे म्हणावं तिला."

पुजारी बाजूला सरकले. मग एकेकीनं कॅन उघडला. आयुष्यात पाण्याचा थेंब वाया घालवला नाही अशा बायका हसत हसत पाणी ओतत होत्या. माझ्याकडं कॅन नव्हता. सुनेनं आपल्यातलं थोडं राखून माझ्या ओंजळीत दिलं. मी ओतलं. काय बोललो ते लिहीत नाही. ते तिच्याशी बोललो होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी परत आलो तेव्हा ओढा उतरला होता. पुतण्यानं शेरडांची धार काढून काढून बोटं सुजवून घेतली होती. मी न थांबता माळाच्या रानात गेलो. वरची कड पांढरी पडायला लागलेली. वहिनी मागनं आली, मूठभर माती घेतली, दाबली, उघडली. गोळा झाला, पण कडेनं फुटत होता.

"हाय अजून," ती म्हणाली. "आजच्या दिसापुरतं हाय. बैल जोडा!"

कुरीच्या चाड्यावर, म्हणजे बी टाकायच्या वाडग्यावर, बी सोडायला कायम ही असायची. बैल मी हाकायचो, मूठ तिची. तिचे तास, पेरणीच्या ओळी, असे एकसारखे उगवायचे की माणसं बांधावर थांबून बघायची. मी बैल जोडले आणि चाड्याकडं बघत उभा राहिलो. ट्रिपच्या साड्यांतच सगळ्या बायका बांधावर आलेल्या, पण पुढं कुणी होईना. ती जागा कुणी घ्यायची?

कोरेगावची सून चपला काढून आत आली. "मला येत न्हाई, आबा. आमच्याकडं ट्रॅक्टरनं पेरत्यात. पर दावा."

दाखवलं. मूठ घट्ट धरायची नाही, बोटातनं बी गळू द्यायचं, बैलाच्या चालीवर. शिकता शिकता दोन तास वाकडे, पुढं जरा बरे. वहिनी बांधावरनं शिव्या घालत होती, दुसऱ्या गुळाचा चहा करत होत्या. दिवस मावळायला रान पेरून झालं.

आता ज्वारी पोटरीत आलीय, कणसं बाहेर पडायच्या बेतात. पहिल्या तासांत फार दाट उगवलीय, मधल्या काही जागा मोकळ्या. असलं वाकडंतिकडं रान माझ्या नावावर कधी दिसलं नव्हतं. येणारा-जाणारा विचारतो, आबा, पेरलंय कुणी हे? मी सांगतो, ट्रिपवाल्यांनी.

जाऊ नका म्हणून सांगणाऱ्या लेकीचा परवा सांगलीवरनं फोन आला.

"आबा, पुढल्या साली मला बी न्या की."

"ये," मी म्हटलं. "खिडकीची सोडून कुठली बी शीट घे."